जाड रेघ

चौतीस वर्षं मी सरकारी कचेरीत नकाशे काढले. माझी रेघ बारीक, याचा मला अजून माज आहे. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात साहेबांनी माझा एक नकाशा टराटरा फाडला होता. म्हणाले, "एवढी जाड रेघ काढलीस, तिच्याखाली कुणाचं तरी अंगण गेलं, कळतंय का?" तेव्हापासून शाईचं पेन असो की संगणक, माझी रेघ केसाएवढी. निवृत्त झाल्यावर मात्र घरात बारीक रेघेला काही काम उरलं नाही. बायको म्हणायची, "अहो, निदान पोळ्या तरी गोल लाटून द्या."

त्यामुळे सोसायटीच्या सेक्रेटरींनी नकाशा मागितला तेव्हा मी आढेवेढे घेतले नाहीत. आमची कोथरूडमधली चार मजली इमारत. पाण्याचे पाइप कुठून गेलेत हे कुणालाच नक्की माहीत नाही, आणि प्लंबर दर वेळी नव्या ठिकाणी खणतो. "हा जुना मंजूर नकाशा घ्या आणि त्यावर पाइप दाखवा," एवढंच सेक्रेटरींचं म्हणणं होतं. मला ते फारच साधं वाटलं. मी ठरवलं, नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये खाली आकाशातून काढलेला खरा फोटो घालायचा, त्यावर जुना नकाशा बसवायचा आणि मग पाइप काढायचे. सोसायटीला काय हवंय यापेक्षा मला काय येतं, हे दिसणं जास्त महत्त्वाचं होतं.

खरं तर मला ते येत नव्हतं. कचेरीत असे फोटो सीडीवर यायचे. आता ते इंटरनेटवरून थेट घेता येतात, हे मुलीकडून कळलं. ती हिंजवडीला नोकरी करते. कंपनीच्या बसमधून तिनं फोनवर शिकवणी घेतली. "बाबा, डावीकडे लिस्ट आहे ना, त्यात एक्सवायझेड टाइल्स. राइट क्लिक, न्यू कनेक्शन. मी पाठवलेली लिंक पेस्ट कर. झालं."

लिंक हातभर लांब. तिच्यात तीन ठिकाणी महिरपी कंस आणि प्रत्येक कंसात एकेक अक्षर. मला वाटलं, पोरीनं घाईत कचरा पाठवलाय. मी कंस नीट काढून टाकले. स्क्रीन पांढराफटक. मग अक्षरांच्या जागी पुण्याचे अक्षांश-रेखांश घालून पाहिले. तरी पांढराच. संध्याकाळी मुलगी घरी आली आणि तिनं कपाळाला हात लावला. "बाबा, ते आकडे सॉफ्टवेअर स्वतः भरतं. तुला कुणी सांगितला हा शहाणपणा?"

कंस परत घातले आणि चमत्कार झाला. गवंडी फरशा बसवतो तसा एकेक चौकोन येऊन बसत गेला. आधी सगळं पुणं, मग कोथरूड, मग आमची गल्ली, मग आमची गच्ची आणि तिच्यावरच्या काळ्या टाक्या. एवढंच नव्हे, तर उत्तरेला, रस्त्याकडच्या आमच्या गॅलरीच्या कठड्यावर लाल पट्ट्यांची सतरंजी वाळत घातलेली दिसली. मी ओरडलो, "अगं, आपली सतरंजी बघ!"

बायको कणकेचे हात घेऊन आली. "ही? हिची गेल्या दिवाळीत फडकी केली मी. किती जुना फोटो आहे हा?"

"फोटो जुना असला म्हणून जमीन हलत नाही," मी म्हणालो.

मग जुना नकाशा त्यावर बसवला. गच्चीचे चारही कोपरे फोटोत लख्ख दिसत होते. नकाशातल्या इमारतीचे कोपरे मी त्यांच्यावर अचूक टेकवले. आणि काय सांगू, आमची दक्षिणेची हद्द कंपाउंडची भिंत ओलांडून पाच फूट पलीकडे जाऊन पडली!

पलीकडे एक बैठा बंगला आहे. तिथे एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहतात. सगळे त्यांना बाई म्हणतात. भिंतीला लागून त्यांचं कढीपत्त्याचं झाड आहे, आणि माझी बायको वीस वर्षं रोज दुपारी, बाई झोपल्या की, आकडीनं त्याच्या डहाळ्या ओढते. आमच्या आमटीची सगळी इभ्रत त्या झाडावर उभी होती.

मी सेक्रेटरींना बोलावून स्क्रीन दाखवला. चहा तसाच ठेवून ते म्हणाले, "पाच फूट? म्हणजे गाड्यांची एक रांग लागते की." दोन दिवसांत बाईंना नोटीस गेली. रविवारी मीटिंग, मग भिंत पाडायची, झाड तोडायचं. तांत्रिक आधार म्हणून आकाशातला फोटो आणि खाली माझं नाव. मी ती नोटीस तीनदा वाचली, कौतुकानं.

"आणि कढीपत्ता?" बायकोनं विचारलं.

"विकत घेऊ."

"कोथिंबिरीबरोबर फुकट मिळतो तो. विकत घेणारे तुम्हीच पहिले," ती म्हणाली. त्या दिवशीच्या आमटीला नुसती मोहरी होती.

शनिवारी दुपारी बाई स्वतः आल्या, हातात नोटिशीची घडी. "तो फोटो बघायला मिळेल का? झाड मी लावलंय, इथं राहायला आले त्या वर्षी. तोडायच्या आधी कारण तरी बघावं म्हटलं."

मी उत्साहानं सगळं दाखवलं, अगदी सतरंजीसुद्धा. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"सतरंजी छान आली आहे आपली. गच्चीवर वाळत घातली होती का?"

"नाही, गॅलरीत. कठड्यावरून खाली सोडलेली."

"हो का," म्हणाल्या आणि चपला घालून निघून गेल्या.

चहाचा दुसरा घोट घेताना माझ्या डोक्यात उजेड पडला. बरोबर डोक्यावरून फोटो काढला, तर कठड्यावरून लोंबणारी सतरंजी दिसेलच कशी? कॅमेरा उत्तरेकडून तिरपा बघत होता. म्हणून इमारतीची उत्तरेची बाजू दिसत होती आणि गच्ची दक्षिणेला झुकलेली होती. मी नकाशा जमिनीला न बसवता गच्चीला चिकटवला होता. ह्याच चुकीसाठी मी कचेरीत नव्या पोरांना फैलावर घेतलं होतं. मला माझी लाज वाटली, फार लाज वाटली.

मग पुन्हा बसलो. या वेळी फाटकाच्या खांबांची बुडं, चेंबरचं झाकण असे जमिनीवरचे बिंदू धरले. शिवाय टेप घेऊन खाली गेलो, जे मी पहिल्या दिवशी पाच मिनिटांत करायला हवं होतं. इमारतीपासून हद्द मंजूर नकाशात दहा फूट. टेपवर भिंत साडेअकरा फुटांवर. मी तीनदा मोजलं. भिंत आणि तिला टेकलेली आमची स्कूटरची शेड दीड फूट बाईंच्या जागेत होती.

रविवारी मीटिंगमध्ये उभा राहिलो आणि म्हणालो, "चूक माझी आहे. पाच फूट नाहीत. नोटीस मागे घ्या."

"निदान दोन फूट?" सेक्रेटरींनी भाजीबाजारातल्यासारखं विचारलं.

"एक इंचही नाही." दीड फुटाचं मात्र मी तिथे बोललो नाही. ते आधी ज्यांचं होतं त्यांना सांगायचं होतं.

मीटिंग संपताच बाईंकडे गेलो. माफी मागितली, मग दीड फूट सांगितले. त्यांना मुळीच आश्चर्य वाटलं नाही.

"माहीत आहे. भिंत बांधली तेव्हा मी खिडकीतच उभी होते."

"मग बोलला का नाहीत?"

"मी एकटी, दीड फुटाचं काय करणार? आणि आपल्या मिसेस रोज दुपारी आकडीनं कढीपत्ता नेतात, त्याला तरी कधी काही बोलले का? मी झोपलेली असते असं त्यांना वाटतं. ते बघायला काही आकाशातून फोटो लागत नाही."

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"वाईट एकाच गोष्टीचं वाटलं," त्या म्हणाल्या, आणि आता आवाजात टोमणा नव्हता. "वीस वर्षांच्या शेजारानंतर नोटीस आली. विचारायला कुणी आलं नाही."

मी विचारलं, "मग बाई, आता नकाशात हद्द कुठं दाखवू? भिंतीवर, की खरी आहे तिथं?"

"पाइपांचाच नकाशा ना? रेघ जरा जाड काढा."

घरी येऊन संगणक सुरू केला. साहेब आठवले, तो फाटलेला नकाशा आठवला. मग हद्दीची रेघ निवडली आणि तिची जाडी वाढवत गेलो, खरी हद्द आणि भिंत दोन्ही तिच्याखाली दिसेनाशा होईपर्यंत.