गोधडीचा घास

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि लिहिण्यात चुकाही होतात. चौथीच शिकले, वहीने सांभाळून घ्यावं.

आज दोरीवर वाळत घातलेली गोधडी वाऱ्याने फुगली आणि उन्हाळा आठवला. महिनाभर मी ताईच्या गावी राहिले होते. दुपारी फणसाच्या सावलीत ताई आणि तिच्या जावा माझ्यासाठी ही गोधडी शिवायच्या. ताई म्हणाली, "टाके आम्ही घालतो, तू गोष्टीचं पुस्तक वाच." मी पुस्तक उघडलं. ओळीवर बोट ठेवून अडखळत वाचलं. थोरली जाऊ हसली, "अगं, तुझ्यापेक्षा बैलगाडी बरी! पण थांबू नकोस, पुढं त्या मुलीचं काय झालं?"

घाई कुणालाच नव्हती. टाके कडेकडून मधे येत गेले, तशी माझी पानं उलटत गेली. शेवटी गोधडीचं पोट तेवढं उघडं राहिलं. ती उपाशी राहू नये म्हणून तिथे भाकरीचा तुकडा ठेवून शिवतात. तो मान शिवणारीचा, म्हणून मी मागे सरकले. तर थोरलीच म्हणाली, "पुस्तक हिने पुरं केलं. घास हिच्याच हातचा."

ती भाकरी धुण्यात केव्हाच विरली असेल. तरी कुणी बघत नाही असं पाहून मी गोधडीच्या मधोमध हात ठेवला. अख्खं पुस्तक मी वाचलं.