दम मास्तरांचं नाव

दम मास्तर मुलांना पहिले पंधरा दिवस वाद्याला हात लावू देत नसत. शाळा सुटली की ते आठवी-नववीच्या चौदा मुलामुलींना चित्रकलेच्या वर्गात सतरंज्यांवर उताणं झोपवायचे. मुलींची सतरंजी वेगळी, पण प्रत्येकाच्या पोटावर पुस्तक तेच, भूगोलाचं. मग स्वतः दोन रांगांमधून फिरत म्हणायचे, "पुस्तक वर गेलं पायजे. छाती नाय, पुस्तक. सूर मंग. पयले दम."

हे 'पयले दम' ते दिवसातून शंभरदा म्हणत. पोरांनी त्यांचं नाव दम मास्तर ठेवलं आणि आठवड्याभरात स्टाफरूममध्येही तेच रुळलं. एका मुलीचे वडील तक्रार घेऊन आले. म्हणाले, "पोरीले बाजा शिकाले धाडलं, झोपाले नाही." मास्तरांनी त्यांना खुर्ची दिली आणि शांतपणे सांगितलं, "लहान लेकरू पोटानं दम घेते, दादा. मोठं झालं का इसरते. मी फक्त याद करून देऊन राहिलो." ते गृहस्थ थोडा वेळ बसले आणि जाताना मला दिसले ते स्वतःच्या पोटावर हात ठेवून चाललेले.

मास्तरांचं खरं नाव शेख मुनाफ. राहणार अकोट. चाळीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवलेला माणूस. बुटके, मेंदी लावलेले केस, कडक इस्त्रीची पँट, आणि वाजवून वाजवून खालच्या ओठावर पडलेला एक कायमचा वण. आमची शाळा अकोल्यात. मी तिथं इंग्रजी शिकवायचो आणि स्नेहसंमेलन, पाहुणे, पत्रिका हे सगळं माझ्या गळ्यात असायचं. मास्तर सोमवारी, बुधवारी आणि शनिवारी एसटीनं यायचे, मांडीवर सॅक्सोफोनची पेटी घेऊन. एकदा कंडक्टरनं पेटी टपावर टाकायला सांगितली, तर म्हणाले, "मले टाका टपावर. याले आत बसू द्या."

त्यांना शाळेत आणायचं कारण घडलं ते असं. आमच्या शाळेचा एक जुना विद्यार्थी मुंबईत नावारूपाला आला होता. त्यानं शाळेला सॅक्सोफोन, ट्रम्पेट, क्लॅरिनेट अशी वाद्यं पाठवली आणि कळवलं की जानेवारीच्या संमेलनात त्याचे चार मित्र येतील, व्यवसायानं जॅझ वाजवणारे, आणि ते मुलांबरोबर मंचावर वाजवतील. संस्थेच्या सचिवांना कल्पना फार आवडली. पण मुलांना शिकवणार कोण? जॅझ हा शब्द आमच्यापैकी कुणी नीट उच्चारतही नव्हतं. कुणीतरी अकोटच्या या बँडवाल्याचं नाव सुचवलं आणि मी त्यांना बोलावून घेतलं.

स्टाफरूममध्ये मी त्यांना मोबाइलवर पाहुण्यांनी पाठवलेल्या तीन चिजा ऐकवल्या. मास्तरांनी डोळे मिटून तिन्ही तीन-तीनदा ऐकल्या. मग हसले. म्हणाले, "हे त आमचं बारातीतलंच हाय सर. एकानं सोडलं का दुसऱ्यानं उचलाचं. रस्त्यात कोणी बी काही बी फर्माइश करते, कागद पाहाले टाइम कुठं रायते? फक्त यायनं खुर्चीवर बसून केलं, आमी चालता चालता करतो."

मुलं चुकली की ते रागवत नसत. "चुकला? चुकू दे. घोडा थांबला का?" मुलं एका सुरात ओरडायची, "नाय!" "नवरदेव उतरला का?" "नाय!" "मंग चाल." सहामाहीत गणिताचा पेपर अवघड गेला तेव्हा नववी ब मधली पोरं बाहेर येऊन एकमेकांना हेच सांगत होती, घोडा थांबला का म्हणून.

मुलांमध्ये राधिका नावाची एक मुलगी होती. शेतकऱ्याच्या घरची, बोलायला एवढी लाजरी की हजेरीला नुसता हात वर करायची. तिला क्लॅरिनेट दिलं होतं. ती एकदा मास्तरांना म्हणाली, मला ती नवरी निघताना वाजवतात ती धून शिकवा. कार्यक्रमाशी त्या धुनेचा काही संबंध नव्हता. मास्तरांनी शिकवली. शिकवताना म्हणाले, "हे वाजवताना आपण रडाचं नाय बेटा. रडणारे दुसरे हायेत. आपण दम सांभाळाचा." मी दारात उभा होतो. त्या मुलीनं ती धून पहिल्यांदा पुरी वाजवली तेव्हा मास्तर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले आणि बराच वेळ वळले नाहीत.

सहा महिन्यांत त्या चौदा जणांचं काय झालं ते मी पाहत होतो. म्हणून पुढचं लिहायला जड जातं.

पत्रिका छापायला देताना मी कच्च्या मजकुरात 'मार्गदर्शन : शेख मुनाफ' अशी ओळ घातली होती. सचिवांनी ती पेनानं खोडली. "मुंबईचे कलाकार येताहेत, सर. लग्नातल्या बँडवाल्यानं तयारी करून घेतली म्हटलं तर काय छाप पडेल आपली? सांस्कृतिक विभाग लिहा." पुढे म्हणाले, "आणि तालमीच्या वेळी ते समोर नसले तर बरं." मी हो म्हणालो. त्या वर्षी पर्यवेक्षकाची जागा रिकामी व्हायची होती आणि ती मला मिळावी असं मला वाटत होतं. याहून मोठं कारण माझ्याकडे नव्हतं, आजही नाही.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मास्तरांना मी वेगळंच सांगितलं. "उद्या सकाळी तुम्ही त्रास घेऊ नका. पाहुणे त्यांच्या पद्धतीनं तालीम घेतील. तुम्ही दुपारी चारला कार्यक्रमालाच या."

"बराबर हाय," मास्तर म्हणाले. "एका वर्गात दोन मास्तर नाय पायजेत." मग जरा घुटमळून त्यांनी विचारलं, "सर, डगला घालून येऊ का? बँडचा, लाल वाला. धुऊन ठेवला हाय."

मी म्हणालो, नको, साधेच कपडे घाला. ते हो म्हणाले.

कार्यक्रम शाळेच्या पटांगणात मंडप घालून झाला. मास्तर पांढऱ्या शर्टात आले आणि पालकांच्या शेवटच्या रांगेमागे उभे राहिले. बसले नाहीत. मी मंचाच्या कडेला होतो, तिथून ते मला दिसत होते. मुलांनी दम घेतला की त्यांचं पोट वर जायचं, मुलांनी सूर सोडला की हळूहळू खाली. अख्खा तास तो माणूस चौदा मुलांबरोबर श्वास घेत होता. शेवटच्या रांगेतली एक बाई त्यांच्याकडे बघून जरा सरकून बसली.

तिसऱ्या चिजेत पाहुण्यांचा सॅक्सोफोनवाला, करड्या दाढीचा मोठा माणूस, वाजवता वाजवता थांबला आणि त्यानं राधिकाकडे हात केला. हे ठरलेलं नव्हतं. ती पुढे आली. क्षणभर काहीच वाजलं नाही. पण ती घाबरली नव्हती, ती दम घेत होती. मग तिनं त्या परक्या तालावर नवरी निघतानाची धून धरली. आधी मंडपात हशा उठला, कारण वऱ्हाडातल्या प्रत्येक घरानं ती ऐकलेली. मग हशा विरला. बायकांनी डोळ्याला पदर लावले. पाहुण्यानं हसतच ती धून उचलली, फिरवली, परत तिच्याकडे सोडली. तिनं उचलली. असं चार वेळा झालं. चौथ्यांदा तर मागच्या रांगांतली माणसं उठून उभी राहिली.

कार्यक्रम संपल्यावर तो पाहुणा मंचाच्या पायऱ्यांशी मला आणि सचिवांना गाठून म्हणाला, "मी मोठमोठ्या शहरांतल्या शाळांत वाजवलं आहे. इतका सुंदर श्वास घेणारी मुलं पाहिली नाहीत. यांना शिकवलं कुणी? मला त्यांना भेटायचं आहे."

"आमचा सांस्कृतिक विभाग," सचिव म्हणाले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हे आमचे विभागप्रमुख."

पाहुण्यानं माझा हात दोन्ही हातांत घेतला. तीसेक पावलांवर दम मास्तर खाली बसून एकेक वाद्य फडक्यानं पुसत पेटीत ठेवत होते. मला फक्त बोट दाखवायचं होतं. मी म्हणालो, "मुलांचीच मेहनत आहे." आणि पाहुण्यांना चहाकडे घेऊन गेलो.

परत आलो तेव्हा मास्तर निघायच्या बेतात होते. साडेसहाची अकोट गाडी त्यांना पकडायची होती. "पाहुणे खूश झाले ना सर?" "झाले." "बस मंग," म्हणाले आणि पेटी उचलून फाटकाकडे गेले.

मला पर्यवेक्षकपद मिळालं. जूनमध्ये सचिवांनी बँडचा वर्ग बंद केला. मास्तरांना तसं कळवणारं पत्र माझ्याच सहीनं गेलं. वाद्यं प्रयोगशाळेच्या कपाटात कुलपात गेली. मास्तरांचं उत्तर आलं नाही, आणि मीही फोन केला नाही. करू करू म्हणत तीन वर्षं गेली. निवृत्त होऊन मी अमरावतीला मुलाकडे राहायला आलो. तिथंच राधिका कॉलेजात शिकत होती. एक दिवस ती घरी आली आणि म्हणाली, "सर, मास्तरांची तब्येत बरी नाही. मी जाऊन आले. तुमची आठवण काढत होते."

दुसऱ्याच दिवशी मी अकोटची गाडी धरली. मास्तर अंगणात बाजेवर बसले होते, अर्धे झालेले. वरचे दात गेले होते, त्यामुळे सॅक्सोफोन तोंडात धरता येत नव्हता. पण मला पाहून उठायला लागले. मी त्यांना बसवलं. मी माफी मागायला गेलो होतो. वाक्यंसुद्धा बसमध्ये जुळवून ठेवली होती. त्यांनी मला बोलूच दिलं नाही. चौदाही मुलांची नावं घेऊन एकेकाचं विचारलं. मग चहा आला, आणि बशी हातात धरूनच ते म्हणाले, "सर, एक विचारू? राग नोका मानू. त्या दिवशी त्या दाढीवाल्यानं काही विचारलं का? म्हंजे, पोट्टे कोणाचे म्हून?"

तीन वर्षं हा प्रश्न त्यांनी मनात ठेवला होता. जुळवलेली सगळी वाक्यं मी विसरलो आणि म्हणालो, "विचारलं ना. मी तुमचं नाव सांगितलं."

"पुरं नाव?"

"पुरं. शेख मुनाफ, अकोट."

मास्तरांनी बशी खाली ठेवली आणि आतल्या खोलीकडे वळून बायकोला हाक मारली. "सुनी क्या? पूरा नाम बताया बोलते सर!" चेहरा असा उजळला की खोटं बोललो याचं मला त्या क्षणी बरंच वाटलं.

"मंग? तो काय म्हणला?"

"म्हणाले, त्यांना भेटायचंय." एवढं तरी खरं होतं.

मास्तरांच्या चेहऱ्यावरचा उजेड हळूहळू गेला. "अन् मी गाडीत जाऊन बसलो," ते म्हणाले. "मायी गाडी निघून चालली होती म्हून. पाच मिनिटं थांबलो असतो त काय झालं असतं? मांगून दुसरी गाडी होती. चुकलंच माहं. एवढा मोठा माणूस भेटतो म्हणते, अन् मी निघून आलो. काय वाटलं असन त्याले?"

मी त्यांच्यासमोर बसून होतो. तेव्हा सांगायला हवं होतं. सगळं. त्यांनी मला माफ केलं असतं, अशी मला जवळजवळ खात्री आहे, आणि कदाचित त्याचीच मला भीती वाटली. मी म्हणालो, "जाऊ द्या मास्तर. झालं ते झालं." त्यांनी मान हलवली. निघताना मला फाटकापर्यंत पोचवायला आले, आणि तिथंही म्हणाले, "भेटला कधी तर त्याले सांगजा सर, मुनाफले मालूम नव्हतं म्हून."

पावसाळ्याच्या शेवटी मास्तर गेले. राधिकानंच फोन केला. मी पोचलो तेव्हा दफन होऊन गेलं होतं. चाळिसाव्या दिवसाच्या विधीला मी आणि राधिका दोघं अकोटला गेलो. अंगणात पाहुण्यांची गर्दी होती. मास्तरांच्या थोरल्या मुलानं मला ओळखलं. हात धरून तो मला त्याच्या मामांकडे, काकांकडे, बँडमधल्या जुन्या साथीदारांकडे घेऊन गेला आणि प्रत्येकाला सांगत राहिला, "हेच ते सर. मुंबईच्या कलाकाराले यायनंच अब्बाचं नाव सांगितलं होतं." म्हातारी माणसं उठून माझे हात हातात घेत होती. एकानं ते डोळ्यांना लावले. राधिका जरा लांब उभी होती आणि माझ्याकडे एकटक पाहत होती. कार्यक्रमाच्या दिवशी तीही पायऱ्यांशीच उभी होती, हे मला तेव्हा आठवलं.

निघताना मुलगा म्हणाला, "अब्बाले एकच दुःख होतं सर. शेवटपर्यंत म्हणत होते, मी पाच मिनिटं थांबाले पायजे होतं. मायंच चुकलं."

"नाही," मी म्हणालो. "त्यांचं काही चुकलं नव्हतं. मीच नाव सांगितलं नव्हतं. चूक माझी होती."

त्यानं माझा हात घट्ट दाबला. त्याचे डोळे भरून आले होते.

"हा त तुमचा मोठेपणा हाय, सर," तो म्हणाला.