पेन्सिलीनं लिहिलेला नंबर

“हा फॉर्म कुणी भरलाय? उभे राहा.”

मी उभा राहिलो. तेव्हा वय सेहेचाळीस. घरी दहावीतली मुलगी. आणि मी शाळेतल्या पोरासारखा दोन्ही हात मांड्यांना चिकटवून उभा.

चाकणच्या एका कंपनीची ट्रेनिंग रूम होती. लांब टेबलावर आमच्या सर्वेक्षणाचे फॉर्म पसरलेले. टेबलाभोवती आमच्या संशोधन संस्थेचे सर, अभ्यासाला पैसा देणाऱ्या कंपनीचे दोन अधिकारी आणि त्या कंपनीला सुटे भाग पुरवणाऱ्या वर्कशॉपांची चार-पाच माणसं. आम्ही फील्डवाले भिंतीला लागून, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. अभ्यासाचं नाव लांबलचक होतं. बालसंरक्षण, शिक्षणातली सुधारणा आणि शाश्वत विकास. आम्ही करायचं ते मात्र सोपं. कामगारांच्या खोल्यांवर जायचं. पोरं शाळेत जातात का, कसलं पाणी पितात, घरात सुरक्षित आहेत का, ते विचारायचं. लिहायचं.

सरांनी माझा फॉर्म उचलला आणि मोठ्यानं वाचला.

“‘तो पोतं घेऊन आला की मी मोरीत जाते आन् कडी लावून बसते.’” त्यांनी चष्मा काढला. “अहो, तुम्हाला मोजायला पाठवलं होतं. तुम्ही कथा लिहून आणलीत.”

टेबलाभोवतीचे सगळे हसले.

“यांचाही दोष नाही,” सर अधिकाऱ्यांकडे वळून म्हणाले. “ही माणसं वस्तीतूनच येतात. रडगाणं यांच्या रक्तातच असतं.”

मी गावाबाहेरच्या वस्तीतला, हे सरांना मीच सांगितलं होतं. मुलाखतीच्या वेळी. अभिमानानं.

मग त्यांनी फॉर्म उलटा केला. पाठीमागे, कोपऱ्यात, पेन्सिलीनं लिहिलेलं बारीक अक्षर होतं. “आणि हे काय?” त्यांनी खोलीचा नंबर वाचला. निघोजे गावातली चाळ कुठली, तेही वाचलं. स्पष्ट, मोठ्या आवाजात. “गोपनीयता म्हणजे काय, हे या लोकांना तीन दिवस शिकवलंय आम्ही.”

टेबलावरून खोडरबर घसरत माझ्यापुढे आला.

“खोडा. इथंच. आणि पुढच्या बाजूला, त्या उत्तरावर ‘लागू नाही’ लिहून सही करा.”

मी वाकलो. खोडलं. लिहिलं. सही केली. खोडरबराचा चुरा टेबलावर पडला होता.

“फुंकर मारा,” सर म्हणाले.

मी फुंकर मारली.

बसनं संत तुकाराम नगरला घरी आलो. बायकोनं ताट वाढलं. जेवलो नाही. आपला अपमान झाला, एवढंच डोक्यात. कित्येक महिने तेवढंच होतं. खरं काय झालं होतं ते मला त्याच वेळी कळलं होतं. ते मी आज लिहितोय.

आमच्या फॉर्मला वर एक पट्टी असते. तिच्यावर मुलाचं नाव, पत्ता. खाली ठिपक्यांची रेघ. मूल बोलायच्या आधी ती पट्टी त्याच्या डोळ्यांदेखत फाडायची आणि वेगळ्या पाकिटात टाकायची. “बघ, आता या कागदावर तू कोण ते कुठंच नाही.” हे वाक्य मी इतक्या पोरांना म्हटलंय, की झोपेतही म्हणेन. पट्टी फाटल्याचा आवाज झाला की पोरं बोलतात. त्या आवाजावर माझा धंदा चालायचा.

पण फेरतपासणी असते. आठ-पंधरा दिवसांनी त्याच घरी परत जावं लागतं. आणि निघोज्याकडच्या खोल्या सगळ्या एकसारख्या. निळा पत्रा, निळं दार, दारात निळा ड्रम. पाकीट तोवर सीलबंद असतं. म्हणून मी एक युक्ती काढली. गल्लीच्या टोकाला आलं की फॉर्म उलटा करायचा आणि पाठीमागं पेन्सिलीनं खोलीचा नंबर टाकायचा. काम झालं की खोडायचा. आमच्यातल्या सगळ्यांना ही युक्ती मीच शिकवली. माझा जोडीदार शकील, चाकणचाच, हसायचा. “काका, तुम्ही नस्ता तर आमी अजून कालच्याच गल्लीत हिंडत बसलो अस्तो राव.”

खोडायचं मी बहुतेक वेळा विसरायचो.

ती मुलगी तेरा वर्षांची. परभणीकडचं कुटुंब. बाप कंपनीत कंत्राटी, आई दुसऱ्या कंपनीच्या कँटीनला. मुलगी दिवसभर घरात. पुढ्यात पोतं. गाडीच्या रबरी भागांची निघालेली कड ब्लेडनं कापायची आणि भाग टबात टाकायचे. सातवीतून शाळा सुटलेली. दार उघडं होतं. शेजारीण समोरच्या पायरीवर, दिसेल पण ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर. नियम तसा होता. नियम सगळे पाळले मी.

पट्टी फाडली. तिनं पाहिलं.

“ते पाकीट कुठं ठेवता?”

“माझ्याजवळ.”

“आन् मंग?”

“काम संपलं की जाळतात.”

तिनं बोटानं टबातले भाग ढवळले. बराच वेळ. मग पोतं आणणाऱ्या माणसाबद्दल बोलली. फार नाही बोलली. चार वाक्यं. तो वर्कशॉपचा माणूस, मोजून माल घ्यायला आत येतो. आई-बाप ड्यूटीवर असतानाच येतो. ती मोरीत जाते, कडी लावते. तो बाहेर बसून राहतो. एकदा कडी लावायला उशीर झाला. तिथं ती थांबली. मी पुढं विचारलं नाही.

असं काही कानावर आलं तर त्याच दिवशी बालसंरक्षण अधिकाऱ्याला कळवायचं, हे ट्रेनिंगच्या कागदावर ठळक छापलेलं होतं. मी सरांना फोन केला. सर म्हणाले, “मीटिंगमध्ये बघू.” मला हायसं वाटलं. आपलं काम झालं, असं वाटलं. हेही खरंच आहे, लपवून काय करू?

आता ट्रेनिंग रूममधलं.

सरांनी खोलीचा नंबर वाचला तेव्हा टेबलाच्या टोकाला बसलेल्या एकानं चहाचा कप खाली ठेवला. मोबाइल काढला. काहीतरी टाइप केलं. त्याच्या शर्टाच्या खिशावर वर्कशॉपचं नाव विणलेलं होतं. तेच नाव मी तिच्या पुढ्यातल्या पोत्यावर वाचलं होतं.

मी पाहिलं. माझ्या हातात खोडरबर होता आणि मी पाहिलं. कागदावरून नंबर खोडत होतो आणि तिकडं तो मोबाइलमध्ये जात होता. एक वाक्य बोलायचं होतं. “सर, हा माणूस बाहेर काढा.” तोंड उघडलं नाही. नोकरी जाईल, परत हसतील, परत वस्ती काढतील. मी फुंकर मारली.

चार दिवसांनी गेलो. दाराला कुलूप. शेजारीण पायरीवरच होती.

“गेले,” ती म्हणाली. “एका दिसात खोली खाली कराया लावली. पोरगी खोटं बोलती म्हनं. गल्लीत उभी करून इचारलं तिला सगळ्यांम्होरं.”

“कोणी?”

शेजारणीनं गल्लीच्या दोन्ही टोकांना बघितलं आणि आत जाऊन दार लावलं.

मी फेरतपासणीच्या फॉर्मवर लिहिलं, ‘कुटुंब स्थलांतरित’. त्यासाठी वेगळा रकाना असतो.

अहवाल आला. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर हसणारी पोरं. आत एक ओळ होती. अभ्यास क्षेत्रात गंभीर स्वरूपाचे एकही प्रकरण आढळले नाही. शेवटच्या पानावर फील्ड टीमचे आभार. बायकोनं तो अहवाल कौतुकानं शोकेसमध्ये ठेवला. मी तो काढून कपाटात, चादरींच्या खाली टाकला. तिथंच एक पट्टीही होती. पाकिटं जाळायला दिली तेव्हा तिची पट्टी मी काढून घेतली होती. का, ते तेव्हाही कळलं नव्हतं. टाकवत नव्हती, एवढंच.

त्यानंतर मला भीतीची सवय लागली. माझी मुलगी क्लासहून दहा मिनिटं उशिरा आली तरी मी खाली गेटवर जाऊन उभा राहायचो. ती चिडायची. “बाबा, तुम्हाला झालंय काय?” घरात कुणी कडी लावली की मी दचकायचो. बायको म्हणायची डॉक्टरला दाखवा. डॉक्टरनं बीपीच्या गोळ्या दिल्या.

दोन वर्षं गेली. यंदा चाकणच्या कांद्याच्या बाजारात गेलो होतो. सावलीत बायका कांदा निवडत बसलेल्या. त्यातली एक माझ्याकडं बघत राहिली. मीही ओळखलं. तिची आई.

मी वळलो. पळायलाच वळलो होतो. ती मागून म्हणाली, “सायेब.”

थांबलो.

“तुमी तं पट्टी फाडली व्हती ना? मपल्या लेकीनं सांगितलं मला. तिच्या डोळ्यांम्होरं फाडली म्हन्ली.”

“फाडली होती.”

“मंग त्याह्यला कसं कळलं?”

रागानं नाही विचारलं तिनं. तिला खरंच कळलं नव्हतं. दोन वर्षं ती बाई याचंच उत्तर शोधत होती. लेकीवर संशय घेत होती, शेजारणीवर घेत होती. माझ्यावर एकदाही नाही.

मी सांगितलं. पेन्सिल, फॉर्मची पाठ, सरांनी वाचलं ते, तो मोबाइल. तिनं हातातला कांदा पोत्यात टाकला, दुसरा उचलला, तोही टाकला.

“त्यो अजून हाय तितंच,” ती म्हणाली. “दुसऱ्या खोल्यायत पोते टाकतो. तिथं बी लेकरं हायेत बारके.”

दुसऱ्या दिवशी तिनं मला त्यांच्या नव्या खोलीवर येऊ दिलं. मुलगी आता पंधरा वर्षांची. पुढं आली नाही. पडद्याआड उभी राहिली. पडद्याखाली तिचे पाय दिसत होते. मी म्हणालो, मला तक्रार द्यायची आहे, पण तुझ्या परवानगीशिवाय यातलं एक अक्षर लिहिणार नाही.

मग आवाज आला.

“माझं नाव लिहू नका. तुमचं लिहा.”

मी तिची पट्टी आईच्या हातात दिली. आईनं ती पडद्याआड दिली. आतून कागदाचे बारीक तुकडे केल्याचा आवाज आला.

पुढच्याच आठवड्यात अभ्यासाच्या दुसऱ्या फेरीचं ट्रेनिंग होतं. नवीन पोरं-पोरी, हातात कोरे फॉर्म. सर म्हणाले, “हे आमचे काका. बारा वर्षं फील्डवर आहेत. पट्टी कशी फाडायची ते यांच्याकडून शिका. उभे राहा काका.”

मी उभा राहिलो.

“फॉर्म उलटा करा,” मी म्हणालो.

सगळ्यांनी केला.

“इथं कधीही काही लिहू नका. पेन्सिलीनंसुद्धा. मी लिहिलं होतं. ते वाचलं गेलं, आणि एका पोरीला गल्लीत उभं केलं.”

“काका, बीपीची गोळी घेतलीत ना?” सर म्हणाले. एक-दोघं हसले.

“घेतली सर. नंबर तुम्ही वाचला होता. वर्कशॉपवाल्यासमोर. मी गप्प बसलो होतो.”

यावर कुणी हसलं नाही. सर पाणी प्यायले आणि त्यांनी चहाची सुट्टी जाहीर केली. सुट्टीनंतर मला आत घेतलं नाही. शकील माझी पिशवी घेऊन बाहेर आला. “काका, आता तुमी गेलाच कामातून,” म्हणाला. मग हळूच, “माझ्या बी फॉर्मांवर नंबर हायेत हो. पुसतो सगळं आजच.” त्याचा चेहरा पांढरा पडला होता. माझाही तसाच असणार.

बालसंरक्षण अधिकाऱ्याकडं मी लेखी जबाब दिला. पोतं आणणाऱ्या माणसाचं, वर्कशॉपचं, सरांचं आणि माझं नाव त्यात घातलं. त्याच दिवशी कळवायचा नियम होता, मी दोन वर्षं कळवलं नाही, हेही लिहिलं. टेबलामागच्या बाईंनी वाचून वर पाहिलं.

“हे तुमच्याच अंगावर येईल, कळतंय ना?”

“व्हय,” मी म्हणालो. इतक्या वर्षांनी तोंडात घरचा शब्द आला.

मुलीशी बोलायचं की नाही, ते तिच्या मर्जीनं ठरेल, आणि बोलायचं ठरलं तर बाई अधिकारी साध्या कपड्यात घरी जातील, असं त्या म्हणाल्या. आधी त्या दुसऱ्या खोल्यांमध्ये जाणार आहेत.

इथं, या लिखाणावर, मी माझं नाव घातलेलं नाही. माझ्या नावावरून माग काढत कुणी तिच्या दारापर्यंत जाईल. नंबरही लिहिला नाही. जिथं लिहायचं होतं तिथं, त्या जबाबावर, माझं पूर्ण नाव लिहिलंय, बापाच्या नावासकट, आडनावासकट, राहायचा पत्ता घालून.

भीती गेलेली नाही. परवापासून एक मोटारसायकल आमच्या गेटसमोर येऊन थांबते. गाडीवरचा माणूस हेल्मेट काढत नाही. आमच्या खिडक्या मोजल्यासारखं बघतो आणि जातो. मुलीला मी क्लासला सोडायला जातो. बायकोनं दाराला दुसरी कडी बसवून घेतली. ती कडी लावताना मला मोरीतली कडी आठवते. तेरा वर्षांच्या पोरीनं एवढी भीती एकटीनं सोसली, आणि मी तिला सांगत होतो की या कागदावर तू कुठंच नाहीस.

काल सरांचा फोन आला. आवाज अगदी मऊ.

“काका, अजून वेळ गेलेली नाही. गैरसमज झाला म्हणून लिहून द्या. मी सांभाळून घेतो. खोडता येईल सगळं.”

“नाही येणार सर,” मी म्हणालो. “पेनानं लिहिलंय.”

मी फोन ठेवला. बुधवारी अकरा वाजता बालसंरक्षण अधिकाऱ्यांनी सरांना, वर्कशॉपवाल्याला आणि मला समोरासमोर बोलावलंय. मी तिथं जाणार आहे. तिनं सांगितलेली ती चार वाक्यं मला पाठ आहेत. तिचं नाव न घेता मी ती तिथं म्हणणार. मोठ्यानं. त्या दिवशी सरांनी नंबर वाचला होता, तितक्या मोठ्यानं.