दोर कोण ओढतो?

दोराच्या टोकाशी येऊन माझा माउस थांबला. प्रश्न सदतिसावा. सकाळचे साडेदहा. बाराला फाइल प्रेसला जायची होती, आणि रविवारी एका क्लासच्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशा तिन्ही शाखांतली मुलं तोच पेपर सोडवणार होती.

मी डीटीपी ऑपरेटर. म्हणजे क्लासच्या सरांनी हाताने लिहिलेला पेपर टाइप करायचा, आकृत्या काढायच्या, आणि शेवटी उत्तरांची यादी, जिला ‘की’ म्हणतात, तीही लावायची. दुकान उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये. मालक लालशेठ, सिंधी. मी हिंगोलीकडचा, नववीत शाळा सोडलेला. आधी बदलापूरला दोराने टांगलेल्या झुल्यावर बसून बिल्डिंगा रंगवायचो. पाय मोडला (झुल्यावरून नाही, खोलीच्या जिन्यावरून), तेव्हा शेठनी खुर्चीत बसवून टायपिंग शिकवलं. त्यामुळे दुकानातली कुठलीही चूक मला माझीच वाटते.

शेठचा नियम एकच. “जसा कागद, तसा पेपर. आपण डोकं लावायचा नाय.” मी एकदा लावलं होतं. बंदुकीच्या गोळीचा वेग सेकंदाला चारशे मीटर, मला जरा जास्त वाटला, चाळीस केला. पुढचा आठवडाभर शेठ मला ‘गोळी’ म्हणत होते.

आताचा प्रश्न असा: ‘एक रंगारी झुल्यावर बसला आहे. झुल्याला बांधलेला दोर गच्चीवरच्या कप्पीवरून खाली येतो. रंगारी आणि झुला यांचे एकत्रित वजन ६०० न्यूटन आहे. झुला एकसमान वेगाने वर नेण्यासाठी दोर किती बलाने ओढावा लागेल?’ न्यूटन हे जोराचं माप. साठ किलोला साधारण सहाशे. पर्यायांत ३०० होतं, ६०० पण होतं. की म्हणत होती ६००.

सरांच्या कच्च्या आकृतीत दोराचं टोक नुसतंच लोंबत होतं. मी सवयीने ते रंगाऱ्याच्या हातात दिलं. चार वर्षं मी तसाच वर गेलोय. मग की बघितली, ती आकृतीशी जुळेना. आपणच ओढलं तर अर्धा जोर पुरतो, कारण दोराच्या दोन्ही बाजू आपल्याला उचलतात. खालून दुसऱ्याने ओढलं तर त्याला पूर्ण वजन पेलावं लागतं. आमचा खालचा गडी माझ्याहून हलका होता. तो ओढायला लागला की मी जागेवरच, तोच वर यायचा.

मागच्या टेस्टला एका प्रश्नाची दोन उत्तरं निघाली होती. पालक क्लासवर धडकले. क्लासवाल्यांनी तेव्हाच बजावलं होतं, आणखी एक घोळ झाला तर काम दुसरीकडे. दुसरीकडे गेलं तर आधी कोण जाणार, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

“शेठ, सरांना फोन लावू?”

“परत गोळी काय रे?”

मी सांगितलं. शेठनी चष्मा कपाळावर चढवून स्क्रीनला नाक लावलं. “लाव. स्पीकरवर लाव.”

फिजिक्सचे पेडणेकर सर बदलापूरला राहतात. तापट आहेत.

“सर, दोर कोण ओढतो?”

“म्हणजे?”

“टोक कुणाच्या हातात काढू? वरच्याच्या की खालच्याच्या?”

“ऑब्व्हियस आहे हो! खाली उभा असलेला माणूस ओढतो.”

“सर, प्रश्नात खाली कुणीच नाही.”

मी प्रश्न वाचून दाखवला. वरच्याने ओढलं तर तीनशे, खालच्याने ओढलं तर सहाशे, तेही सांगितलं.

“शिक्षण किती तुमचं?”

“नववी, सर.”

“मग हे कळलं कसं?”

“वर बसून, सर.”

सर एवढ्या मोठ्याने हसले की शेठनी आवाज कमी केला. “अहो, वीस वर्षं शिकवतोय, झुल्यावर कधी नाही बसलो! लिहा. सदतीसमध्ये रंगारी स्वतः ओढतो, उत्तर तीनशे. अडतीस उडवा, तिथे खालचा माणूस उभा करा. पोरांना दोन्ही कळू देत.”

पावणेबाराला फाइल गेली. शेठनी दाल-पकवान मागवलं. “डोकं लावायचा तर असा लाव. पण आधी फोन.”

रविवारी एकाही पालकाचा फोन आला नाही. आमच्या धंद्यात यालाच बक्षीस म्हणतात.

सोमवारी सर स्वतः आले. एका हातात नवा पेपर, दुसऱ्यात सतरा नंबरचा फॉर्म, म्हणजे बाहेरून दहावीला बसायचा. “विज्ञान माझ्याकडे,” म्हणाले. “बाकीचं तुमचं तुम्ही बघा.” गावाकडे आईला सांगितलं तर ती आधी रडली, मग विचारलं, जेवतोस ना वेळेवर?

सरांच्या नव्या आकृत्यांत प्रत्येक दोराच्या टोकाला आता एक हात असतो. मी एवढंच शिकलो की पेपर काढणाऱ्याच्या मनात उभा असलेला माणूस सोडवणाऱ्याला दिसत नाही. तो माणूस कागदावर उभा करावा लागतो.