पितळी मुठीखालची जपानी तलवार

फौजदारांनी चहाचा कप बाजूला सरकवला आणि तलवार टेबलावर आडवी ठेवली.

"ही घ्या मॅडम, तुमची जपानी."

दारातले दोन पोलीस हसले. हसण्यासारखीच दिसत होती ती. म्यान लाल मखमलीचं, कडेने सोनेरी झालर. मूठ पितळेची, शेवटाला वाघाचं तोंड. बँडवाले नवरदेवाला भाड्याने देतात तशी.

भिंतीलगतच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ ताठ बसले होते. धोतर, पांढरा सदरा, टोपी. त्यांच्याकडे कोणी बघत नव्हतं. तलवार त्यांची होती. सगळे त्यांना आबा म्हणत.

मी धुळ्याच्या एका छोट्या वस्तुसंग्रहालयात असिस्टंट होते. निवडणुकीच्या आधी पोलिसांनी भडगाव तालुक्यातली धारदार हत्यारं जमा करून घेतली होती. ज्यांचा समाधानकारक खुलासा झाला ती परत गेली. बाकीची जळगावला नेऊन तोडायची होती आणि गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होती. आबांचं म्हणणं, तलवार जपानी लष्करी ऑफिसरची आहे. ते मराठा पलटणीत हवालदार होते, ब्रह्मदेशात लढले होते. शरणागतीच्या वेळी जपानी ऑफिसरांनी तलवारी जमिनीवर ठेवल्या, त्यातली एक साहेबाने त्यांना दिली. हे खरं असेल तर ती युद्धाची आठवण म्हणून परत मिळू शकत होती. त्यासाठी कोणा जाणकाराचा लेखी अभिप्राय हवा होता.

पोलिसांनी आधी विचारलं होतं ते जळगावच्या एका शेठजींना. कापसाचे व्यापारी, जैन, घरात कांदासुद्धा येत नाही आणि दिवाणखान्यात सात जपानी तलवारी. देवळालीपासून महूपर्यंतच्या छावण्यांतून, निवृत्त फौजी लोकांकडून त्यांनी त्या जमवल्या होत्या. शेठजींनी आबांची तलवार पाहिली, मूठ पाहिली आणि सांगितलं, "ही जपानी नाही. बाजारातली आहे."

त्यांच्या त्या सात तलवारी आमच्या संग्रहालयाला देणगी म्हणून मिळायच्या होत्या. त्यांची यादी करण्याचं काम माझ्याकडे होतं, म्हणून मला थोडंफार कळत होतं. म्हणूनच आबांनी अर्ज केल्यावर पोलिसांचं पत्र आमच्याकडे आलं. भडगावच्या ठाण्याकडे निघताना आमच्या सरांनी, म्हणजे संग्रहालयप्रमुखांनी, मला स्पष्ट सांगितलं होतं.

"जा, बघ, आणि 'निश्चित सांगता येत नाही' एवढं लिहून ये. शेठजी एकदा बोललेत. आपण त्यांच्या वर जायचं नाही."

मी "हो सर" म्हटलं होतं. मी बहुतेक वेळा तेवढंच म्हणत असे.

मी तलवार म्यानातून काढली. पात्यावर तेल, शेंदूर आणि हळद यांचा जाड थर होता. दर दसऱ्याला पूजा होत असणार. मी पिशवीतून मऊ कापड आणि स्पिरिट काढलं आणि मुठीकडून पुसत टोकाकडे गेले.

इथे थोडं समजावून सांगते. दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी लष्करी तलवारी मुख्यतः दोन प्रकारच्या. ऑफिसरची तलवार तो स्वतः विकत घेत असे. तिच्या लाकडी मुठीवर माशाचं खरखरीत पांढरं कातडं आणि वरून दोऱ्याचा विणलेला वेढा. खालच्या हुद्द्याच्या लोकांची तलवार सरकारी. तिची मूठ बहुतेक ओतीव धातूची, आणि पात्यावर मुठीजवळ नंबर ठोकलेला. या पात्यावर नंबर नव्हता. पण जपानी असलीच तर तिची मूळ मूठ गेलेली, त्यामुळे नुसत्या नंबरच्या नसण्यावर काही ठरत नव्हतं. भाड्याच्या तलवारीवरही नंबर नसतो.

टोकाशी आले आणि हात थांबला. टोकाचा बोटभर भाग काळपट, खरवडल्यासारखा झाला होता.

"हे कशाने झालं?" मी विचारलं.

"लिंबूनं," आबा बाकावरूनच अहिराणीत म्हणाले. "गावना बठ्ठा नवरदेव हाईच तलवार लेतस. टोकले लिंबू टोचतस."

लग्नघटिकेपर्यंत नवरदेवाच्या हातात शस्त्र आणि दृष्ट लागू नये म्हणून टोकाला लिंबू. भडगावकडच्या त्या गावात चाळीसेक वर्षं जेवढे नवरदेव घोड्यावर बसले तेवढी लिंबं या टोकात शिरली होती. कुठलाही संग्राहक हे बघून कपाळाला हात लावेल. लिंबातलं आम्ल पोलाद खातं.

पण ते सगळं पोलाद सारखं खात नाही. जपानी पात्याची धार तापवून एकदम थंड केलेली असते, त्यामुळे धार कडक आणि पाठ नरम राहते. कडक आणि नरम भागावर आम्ल वेगवेगळं काम करतं. मी भिंग लावलं. काळ्या डागाच्या आत धारेला समांतर एक पांढुरकी रेघ होती. टोकाशी येऊन ती पाठीकडे वळत होती. लग्नाच्या तलवारी पत्र्याच्या पट्टीतून कापतात. त्यांना अशी रेघ नसते.

"काय दिसलं?" फौजदारांनी विचारलं.

"अजून सांगत नाही," मी म्हटलं. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा आला.

मी आबांसमोर खुर्ची ओढून बसले. शेठजींच्या तलवारींची माहिती गोळा करताना मी एक सवय लावून घेतली होती. माणसाला नुसतं विचारायचं, सुचवायचं नाही. 'माशाचं कातडं होतं का?' असं विचारलं की कोणीही हो म्हणतो.

"आबा, मूठ आधीपासून अशीच होती?"

"नही ताई. ती मूठ फेकी दिन्ही."

"का?"

त्यांनी फौजदारांकडे बघितलं. थोडे ओशाळले. "मनी माय माळकरी व्हती. मुठले खरखरीत पांढरं कातडं. कोनीतरी सांगं, हाई मासानं शे. मंग माय म्हने, दसराले देवपुढे मासानं कातडं कसं चाली? शिकलगारले बलाई लिन्हा, पितळनी मूठ बसाडी."

एक पोलीस फिस्सकन हसला. "बघा आबा, साळुंखेच्या पोराच्या लग्नात तुम्ही म्हणत होता, जपानच्या राजाची. राजा मासे खायचा का?"

"तू गप रे," आबा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "ताई, बठ्ठं गाव माले हासस. म्हनतस, आबानी मुंबईना चोरबाजारमाईन आनी."

मी वहीत लिहीत होते. मान वर न करता पुढचं विचारलं. "त्या जुन्या मुठीला आणखी काय होतं?"

"गोंडा व्हता."

"कसा?"

"चांगला व्हता. बाहेरून तपकिरी, आतून निळा. पोळाले बैलना शिंगले बांधी दिन्हा."

मी पेन खाली ठेवलं. जपानी लष्करात गोंड्याच्या रंगावरून हुद्दा कळे. तपकिरी आणि निळा हा कॅप्टन आणि त्याच्या खालच्या ऑफिसरांचा. तपकिरी आणि लाल मेजर वगैरेंचा. लाल आणि सोनेरी जनरलचा. मला हे माहीत होतं कारण माझ्याजवळ एका परदेशी पुस्तकाची झेरॉक्स होती. शेठजींच्या सातपैकी एकाही तलवारीला गोंडा उरला नव्हता. आबा हे कुठे पाहून आले असते?

"आबा, ज्याची तलवार होती तो कोण होता?"

"कॅप्टन. मना साहेबनी सांगेल व्हतं."

आता मूठ उघडणं भाग होतं. पात्याचा जो भाग मुठीत लपलेला असतो, त्याला सोप्या भाषेत शेपटी म्हणू. जपानी तलवारीची खरी ओळख तिथे असते. मी तसं सांगितल्यावर फौजदार गंभीर झाले.

"मॅडम, हा मुद्देमाल आहे. तोडफोड चालणार नाही."

"तोडायची नाही. मूठ राळेने बसवलेली असते. गरम पाण्याने सुटते. परत बसवता येते."

"तुमच्या साहेबांना विचारा आधी."

समोरच्या एसटीडी बूथवरून मी धुळ्याला फोन लावला. सरांनी ऐकून घेतलं, मग म्हणाले, "तुला काय सांगितलं होतं?"

"निश्चित सांगता येत नाही, असं लिही."

"मग?"

"सर, उघडून न बघता ते लिहिलं तर खोटं होईल. उघडल्यावरच निश्चित सांगता येतं की नाही ते कळेल."

"शेठजींना काय सांगू मी?"

"मी सांगेन सर."

शेठजींसमोर मी आजवर चहा नको एवढंच बोलले होते, ते सरांना माहीत होतं. "तुझ्या जबाबदारीवर," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मी परत आले आणि फौजदारांना म्हटलं, "पंचनामा करा. दोन पंच बोलवा. मूठ काढायच्या आधी आबांचा जबाबही लिहून घ्या, गोंड्यासकट. मी सही करते."

त्यांनी कोरा कागद पुढे ओढला. मग पोलिसाला म्हणाले, "शिंदे, चहावाल्याला बोलव. किटली घेऊन. आणि पंच म्हणून त्यालाच बसव."

पात्याला आच लावायची नव्हती, नाहीतर धारेचा कडकपणा जातो. उकळत्या पाण्याने तेवढं नुकसान होत नाही. मी मुठीला फडकी गुंडाळली, पातं कापडात धरलं आणि चहावाला वरून पाणी ओतत राहिला. पहिली किटली संपली. मूठ हलली नाही. दुसरी आली. शिंदे म्हणाला, "ताई, चहापत्ती टाकू का?" कोणीच हसलं नाही. आबा उठून टेबलाजवळ आले होते.

राळेचा वास सुटला. मी मूठ हळूहळू दोन्ही बाजूंना फिरवली आणि ती सुटून आली.

शेपटी अर्धीच होती. पितळी मुठीत बसावी म्हणून शिकलगाराने, हत्यारांना धार लावणाऱ्याने, ती खालून कापून टाकली होती. घडवणाऱ्याची सही असलीच तर ती सहसा तिथे असते. ती गेली होती.

"कापी टाकी?" आबांनी विचारलं. त्यांना हे माहीत नव्हतं.

"हो."

उरलेला भाग मी पुसला. शेपटीवरचा गंज कधी काढायचा नसतो, वय त्यावरून कळतं, म्हणून फक्त राळ काढली. वर एक गोल भोक होतं. जपानी मुठीत पातं बांबूच्या खुंटीने अडकवतात, ते तिचं भोक. आणि त्याच्याही वर, पात्याला लागून, तांदळाच्या दाण्याएवढा एक शिक्का. चेरीच्या फुलाचा आकार, आत एक अक्षर. त्यावर कागद ठेवून मी पेन्सिल घासली. ठसा स्वच्छ उमटला. झेरॉक्समधल्या चित्राशी ताडून पाहिला. युद्धाच्या काळात कारखान्यात भराभर तयार झालेल्या पात्यांवर असे शिक्के मारत.

मी तसं सांगितलं.

"म्हंजे खानदानी नही?" आबांचा चेहरा उतरला. "साहेब म्हने, मोठा घरानी शे."

"नाही आबा. साधी आहे. पण ऑफिसरची आहे, आणि त्याच लढाईतली आहे."

"मग फायदा काय?" फौजदार म्हणाले.

"तीनशे वर्षं जुनी असती तर ती कोणाकडूनही, कुठूनही आली असती. ही युद्धात बनली. अशी तलवार इकडे येते ती बहुतेक परत आलेल्या सैनिकाच्या सामानातून."

मी तिथेच बसून अभिप्राय लिहिला. पातं जपानी, युद्धकाळातलं, लष्करी. मूळ मुठीच्या वर्णनावरून ऑफिसरचं. शिंदेने तो मोठ्याने वाचला. आबांनी मान तिरकी करून ऐकलं.

"यामा मी खरं बोलस असं कुठे शे?"

"मी तिथे नव्हते आबा. तुम्हाला कोणी दिली ते पातं सांगत नाही."

ते बाकाकडे परत निघाले. मला ते आवडलं नाही, पण खोटं लिहिणं त्याहून आवडलं नसतं. मी कागद परत घेतला आणि एक परिच्छेद वाढवला. मूठ काढण्यापूर्वी आणि कोणतीही माहिती न देता अर्जदारांना प्रश्न विचारले; त्यांनी सांगितलेलं मूठ आणि गोंडा यांचं वर्णन कॅप्टनच्या तलवारीशी तंतोतंत जुळतं; ही माहिती सर्वसाधारण माणसाला असण्याचा संभव कमी.

"परत वाच," आबा शिंदेला म्हणाले. शिंदेने वाचलं. "अजून एकदा. हळू."

तिसऱ्या वेळी फौजदारही ऐकत उभे होते. मग त्यांनी म्यानाला बांधलेली, जळगावला जाणाऱ्या हत्यारांची चिठ्ठी सोडवून घेतली.

शेठजी आठवड्याभरात धुळ्याला आले. सर त्यांच्यापुढे बसले होते आणि मी उभी होते. मी ठरवल्याप्रमाणे सगळं सांगितलं आणि ठसा समोर ठेवला. त्यांनी खिशातून स्वतःचं भिंग काढलं. बराच वेळ बघितलं.

"मी मूठ पाहून पुढे गेलो," ते म्हणाले. मग सरांकडे बघून, "माझ्या सातही उघडायला सांगा. देण्याआधी."

उघडल्या. दोन तलवारी ते समजत होते तेवढ्या जुन्या निघाल्या नाहीत. त्यांनी त्या तरीही दिल्या आणि पाट्यांवर खरा काळ लिहायला सांगितलं. सरांनी मला रागावण्याचं काम मनात ठेवलं असेल, पण ते त्यांनी केलं नाही.

आबांची तलवार त्यांच्याकडे परत गेली. मूठ मीच राळेने बसवून दिली, आबांच्या आग्रहावरून तीच पितळेची.

या कामात वस्तूला प्रश्न विचारणं सोपं असतं, तिला तुम्हाला खूश करायचं नसतं. माणसाला असतं. म्हणून माणसाशी बोलताना आपल्याला जे ठाऊक आहे ते आपल्याजवळ ठेवायचं आणि त्याचं बोलणं पुरं होईपर्यंत थांबायचं. त्या दुपारी मी चुकून जरी रंग सुचवला असता, तर आबांचं खरं बोलणंही कागदावर घेता आलं नसतं.