नैरोबीच्या बाजारात मारलेली हाक

नैरोबीतला तो आमचा सहावा दिवस होता आणि आमच्या मुक्कामाच्या परवान्याचे आठच दिवस उरले होते.

सकाळी नऊच्या सुमारास मी आणि माझे सासरे तिथल्या रेल्वे स्टेशनासमोर उभे होतो. सासऱ्यांना मी आबा म्हणायची. आबांच्या अंगावर धोतर, मुंबईत घेतलेला जुना लोकरी कोट आणि डोक्याला मुंडासं. आमच्या आजूबाजूला पाच-सहा गोरे पाहुणे, गळ्यात कॅमेरे अडकवलेले. ही मंडळी शहर पायी बघायला जमली होती. एक वाटाड्या तीन तास चालवून सगळं दाखवणार होता. आम्हीही तिकीट काढलं होतं, पण आम्हाला शहर बघायचं नव्हतं. मला माझा नवरा शोधायचा होता आणि आबांना त्यांचा मुलगा.

आमचं गाव आंदर मावळातलं. भाताची खाचरं, चार गुरं, आणि कामशेत गाठायचं तर तीन तासांची चाल. हे लोणावळ्याला रेल्वेच्या शेडमध्ये फिटरचं काम शिकले आणि लग्नानंतर दुसऱ्या वर्षी कुणाच्या तरी ओळखीने नैरोबीच्या एका कारखान्यात गेले. पहिली दोन वर्षं निळी पत्रं येत राहिली. इथली हवा लोणावळ्यासारखी गार आहे, माती लाल आहे, पुढच्या वर्षी तुला बोलावतो. मग पत्रं थांबली. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. मी लिहिलेल्या पत्रांना उत्तर येईना आणि ती परतही येईनात. मी गावच्या शाळेत शिकवत होते. पोरं पाढे म्हणत असायची आणि माझे डोळे टपालवाल्याच्या वाटेवर. पाणवठ्यावर बायका मला बघून बोलता बोलता गप्प व्हायच्या. सासूबाईंचं जेवण तर अर्ध्या भाकरीवर आलं होतं.

एके दिवशी भात झोडपून झाल्यावर आबा म्हणाले, "आपुन जाऊन बघू."

"कुटं?" सासूबाईंनी विचारलं.

"तितंच. आफ्रिकेत."

बैलजोडी विकली. कामशेतच्या एका भाताच्या व्यापाऱ्याचे नातेवाईक मोंबासात होते, त्यांनी हमी लिहून दिली. पासपोर्टसाठी खेटे घालण्यात सात महिने गेले. बोटीच्या डेकवर नऊ दिवस काढले. आबांच्या पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं, पण ते एकदाही परत जाऊ म्हणाले नाहीत.

आणि नैरोबीत पोचल्यावर कळलं की आमच्याकडे पत्ताच नाही. त्या देशात टपाल घरी येत नाही, ते पोस्टातल्या पेटीत पडतं. यांच्या पत्त्यात पेटीचा नंबर होता, रस्ता नव्हता की घर नव्हतं. पोस्टातला कारकून म्हणाला, ती पेटी आता दुसऱ्याची आहे. कारखान्यात म्हणाले, तो दोन वर्षांपूर्वीच गेला, कुठे ते माहीत नाही. मी पोलिसांकडे जायला निघाले तर आम्ही उतरलो होतो त्या धर्मशाळेतल्या म्हाताऱ्या व्यवस्थापकाने अडवलं. नवं राज्य आलं होतं, परक्या माणसाला कामाचा परवाना लागत होता. "त्याचा परवाना संपला असेल तर तुम्हीच त्याला पकडून द्याल," तो म्हणाला.

असे पाच दिवस आम्ही त्याच तीन रस्त्यांवर फिरत राहिलो. वळण चुकलं की पुन्हा स्टेशनाशी यायचो. डोंगरात डोळे मिटून वाट काढणारे आबा तिथे पावलोपावली थांबून विचारायचे, "पोरी, ह्यो रस्ता मगाचाच न्हाई का?" पाचव्या दिवशी एका हॉटेलच्या दारात मला शहर पायी दाखवणाऱ्या या फेरीची पाटी दिसली. माझं इंग्रजी बेताचं होतं, पण एवढं वाचता आलं. मला वाटलं, जो माणूस रोज परक्यांना या शहरातून चालवत नेतो, त्याला गल्लीन्‌गल्ली ठाऊक असेल. दुसरं काही सुचतही नव्हतं.

वाटाड्या पन्नाशीचा, उंच, काळ्या कोटातला आफ्रिकी गृहस्थ होता. त्याने स्टेशन दाखवलं, मग कोर्टाची इमारत, मग जांभळ्या फुलांच्या झाडांचा रस्ता. तो इंग्रजीत बोलायचा, गोरे फोटो काढायचे. आम्ही मात्र प्रत्येक ठिकाणी इमारतीकडे पाठ करून माणसं बघत होतो. आबांच्या हातात यांचा लग्नातला फोटो होता. वाटेत दुकान दिसलं की आबा रांग सोडून आत शिरायचे आणि मालकासमोर फोटो धरायचे. "ह्याला बघितलाय का? माजा ल्योक हाय." कुणी गुजराती असायचा, कुणी पंजाबी. सगळे नाही म्हणून मान हलवायचे. मग आबा बाहेर येईपर्यंत सगळे खोळंबायचे. चौथ्या वेळी एक गोरी बाई वाटाड्याला चिडून काही तरी बोलली. मला शब्द कळले नाहीत, पण तिचं बोट आबांच्या मुंडाशाकडे होतं. भर रस्त्यात मला रडू फुटलं.

वाटाड्या माझ्याजवळ आला आणि चक्क हिंदीत म्हणाला, "बहेन, फोटो में कौन है?"

तो तरुणपणी बारा वर्षं एका गुजराती कापडवाल्याच्या दुकानात कामाला होता. मोडकंतोडकं का होईना, त्याला आमचं कळत होतं. चालता चालता मी त्याला सगळं सांगितलं. त्याने फोटो नीट बघितला. "हा चेहरा मी पाहिलेला नाही," तो म्हणाला. "पण ज्याच्याकडे कागद नाही, त्याला कारखान्यात काम मिळत नाही. असा माणूस बाजारात ओझी उचलतो. आपण शेवटी बाजारातच जाणार आहोत."

बाजार म्हणजे एक अवाढव्य उंच छताची इमारत होती. आत फुलांचे ढीग, केळ्यांचे घड, मधल्या मोकळ्या जागेत माणसांची ये-जा. वाटाड्या पाहुण्यांना लाकडी हत्ती-जिराफांच्या दुकानांशी घेऊन गेला. मी भाजीच्या बाजूला बघत होते, एवढ्यात आबांनी माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की बांगडी रुतली.

"त्यो बघ."

पाठीवर बटाट्यांचं पोतं घेतलेला एक माणूस पलीकडच्या दाराकडे चालला होता. अंगात फाटकी खाकी पँट, केस वाढलेले. मला ओळख पटेना. पण आबा चाल बघत होते. डावा खांदा टाकून, उजवा पाय जरा फेकून चालायचं हे यांचं लहानपणापासूनचं होतं.

आबांनी हाक मारली. आमच्याकडे या डोंगरावरून त्या डोंगरावरच्या गुराख्याला मारतात तशी, पोटातून काढलेली, लांबवलेली. "आरं पोराऽऽऽ!"

सगळा बाजार थांबला. फुलवाल्या बायका उभ्या राहिल्या. गोऱ्या बाईने कानावर हात ठेवले. आणि पोतं घेतलेला माणूस जागच्या जागी थबकला. दोन श्वास तो तसाच उभा होता. मला वाटलं, आता वळतील. मी पदर सावरला, ते मला अजून आठवतं.

यांनी मान वळवली नाही. पोतं पाठीवरून खाली टाकलं आणि दारातून बाहेर पळाले.

आबा मागे धावले. बटाटे जमिनीभर पसरले होते, त्यांवर पाय पडून ते आडवे झाले. मुंडासं सुटलं, गुडघा फुटला. मी त्यांना उठवायला वाकले तर ते माझा हात झिडकारत होते. "मला सोड, त्याच्यामागं जा, पळ!" मी दारापर्यंत धावले. बाहेर गाड्या होत्या, माणसं होती. हे नव्हते.

परत आले तेव्हा आबा जमिनीवर बसून बटाटे गोळा करत होते. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. "त्यानं वळखलं मला," ते म्हणत होते. "वळखून पळाला."

वाटाड्याने पाहुण्यांना तिथेच निरोप दिला. मग तो बाजारातल्या हमालांकडे गेला आणि त्यांच्या भाषेत बराच वेळ बोलला. आम्हाला म्हणाला, "उद्या दुपारी मी धर्मशाळेत येतो. तोवर कुठे जाऊ नका."

दुसऱ्या दिवशी तो खरंच आला. आम्हाला चालवत नदीपलीकडे, जिथे तो पाहुण्यांना कधी नेत नसे, अशा पत्र्याच्या वस्तीत घेऊन गेला. एका खोलीच्या दारात हे बसले होते. पळायचं बळ संपल्यासारखे. उजव्या हाताची तीन बोटं नव्हती.

कारखान्यात हात यंत्रात सापडला होता. बरं होईपर्यंत नोकरी गेली, नोकरीबरोबर परवाना गेला. आत चुलीशी एक बाई उभी होती, तिथलीच, आणि तिच्या कडेवर वर्षाची मुलगी. त्या मुलीचं कपाळ आबांसारखं होतं. मला कुणी काही सांगायची गरज उरली नाही.

"तुमी कशाला आला हितं, आबा?" हे म्हणाले.

आबा त्या तुटलेल्या बोटांकडेच बघत होते.

मी विचारलं, "पत्र का नाही लिहिलं?"

"कुठल्या हातानं लिवू?"

"दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं. एक ओळ. मेलो म्हणून लिहिलं असतंत तरी चाललं असतं."

यांनी मान खाली घातली. मला आणखी पुष्कळ बोलायचं होतं. बोटीवर नऊ दिवस मी ते घोकलं होतं. पण ते एका हरवलेल्या माणसाशी बोलायचं होतं, आणि हा समोर बसलेला माणूस तो नव्हता.

आबा म्हणाले, "घरी चल. तुजी आय जेवत न्हाई."

"हिचं काय करू?" यांनी मुलीकडे मान केली. "आनि तिच्या आयचं? म्या मरत हुतो तवा तिनं मला उचलून आणला, आबा. ह्यो हात चालत नव्हता तवा घास तिनं भरवला."

आबांनी पुन्हा विचारलं नाही. ती बाई पुढे आली आणि त्यांच्यासमोर पत्र्याच्या पेल्यात चहा ठेवला. मला वाटलं, ते पेला लाथाडतील. माझी तशी इच्छाही होती. आबांनी तो उचलला, सावकाश शेवटपर्यंत प्यायले आणि पेला तिच्या हातात परत दिला. तिथे बसून मला पहिल्यांदाच त्यांचा राग आला.

वाटाड्या आम्हाला धर्मशाळेपर्यंत सोडून गेला. त्याने आबांच्या गुडघ्याला लावायला कसलासा पाला आणून दिला. बाकीचे दिवस आम्ही खोलीतच काढले. हे एकदाही आले नाहीत.

परतीच्या बोटीवर आबांनी विचारलं, "पोरी, गावात काय सांगायचं? गेला म्हणून सांगू का? तुला मोकळी वाट व्हईल. लहान हायेस."

ते मला विधवा करायला तयार होते, माझ्याच भल्यासाठी. आणि खरं सांगायचं तर मीही त्याच विचारात होते. जाताना मी देवाजवळ मागितलं होतं की हे जिवंत सापडू देत. येताना कठड्याशी उभी राहून मी म्हणत होते की त्या यंत्रात नुसती बोटंच का सापडली. असं मनात येणाऱ्या बाईची मला भीती वाटत होती, आणि ती बाई मीच होते.

"नको," मी म्हणाले. "झालं तेच सांगायचं."

तेच सांगितलं. गावाने महिनाभर चघळलं. कुणी म्हणालं, हिच्यातच काही तरी खोट असणार. सासूबाईंनी मात्र बाईबद्दल विचारलं नाही, मुलीबद्दल विचारलं नाही. बोटांचं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "मग जेवतो कसा?"

"डाव्या हातानं," मी सांगितलं. खरं तर मी यांना तिथे जेवताना पाहिलंच नव्हतं.

पुढच्या जूनमध्ये मी बदली मागून कामशेतच्या शाळेत आले आणि तिथे एक खोली घेतली. मंगळसूत्र घालावं की काढावं हे मला बरीच वर्षं ठरवता आलं नाही. काही दिवस ते ट्रंकेत असायचं, काही दिवस गळ्यात. आबा बाजाराच्या दिवशी तीन तास चालत यायचे, तांदळाचं गाठोडं माझ्या उंबऱ्याशी ठेवायचे आणि ओट्यावर बसून राहायचे. मी चहा करून द्यायची. ते प्यायचे, मी शाळेच्या वह्या तपासायची. ऊन उतरलं की ते उठायचे आणि म्हणायचे, "येतू पोरी." मी हो म्हणायची, आणि ते वळणाआड जाईपर्यंत दारातच उभी राहायची.