अस्थिघराचा नकाशा

"माणूस इथून येतोय. त्याच्या हातात काय आहे?"

कुठल्याही दाराची रेष ओढण्याआधी काका हा प्रश्न विचारायचे. मस्कतच्या गाला भागात, गॅरेजांच्या रांगेवरच्या आमच्या ऑफिसात ते ड्राफ्ट्समन होते आणि मी इंजिनियर. नकाशा गोदामाचा असो की कुणा अर्बाबच्या, म्हणजे इथल्या ओमानी मालकाच्या, बंगल्याचा, काका माऊस सोडून उठायचे, हातांत काहीतरी धरल्यासारखं करून टेबलांमधून चार पावलं चालायचे आणि परत बसून दार वीतभर सरकवायचे. आम्ही हसायचो. तुमच्याही ऑफिसात असा एक माणूस असेल. त्याच्या खुळाला सगळे हसतात, पण त्याच्या कामात चूक कुणाला सापडत नाही.

काका देवरुखकडचे. सोहारच्या कारखान्यात त्यांच्या गावचा एक वेल्डर होता, तो वारला. दहन इथेच झालं. अस्थी गावी न्यायला त्याच्या भावाला रजा मिळायला दोन आठवडे लागले, तोवर त्या मस्कतमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या स्टोअरमध्ये होत्या. त्या घ्यायला गेलो तेव्हा मी गाडी चालवायला होतो. गणपतीच्या मखराचे थर्माकोलचे खांब, घडीच्या खुर्च्या, आणि त्यांच्या मागे सुपरमार्केटच्या पिशव्यांत बांधलेले तीन कलश. एका पिशवीवरच्या चिठ्ठीची शाई पाण्यानं पसरली होती.

"हाच ना नक्की?" वेल्डरच्या भावानं विचारलं.

मंडळाचे सेक्रेटरी माझ्याकडे बघायला लागले. काका पुढे झाले, पिशवी उचलून त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "हो. हाच."

परतताना मी विचारलं, "काका, तुम्हाला कसं कळलं?"

"मला कुठे कळलं? पण त्याला कुणीतरी हो म्हणायला हवं होतं."

त्यानंतरचे पाच-सहा महिने काका दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, ऑफिसात येऊन बसायचे. स्मशानभूमीच्या कुंपणालगत मंडळाकडे एक तुकडा जमीन होती. तिथे काय करायचं हे ठरलेलं नव्हतं. काकांनी तिथे अस्थिघर काढलं. एकच खोली, जाड भिंतींची. दाराला मूठ नव्हती. कलश दोन्ही हातांत असतो, म्हणून खांद्यानं ढकललं की उघडेल असं दार. उंबरठा नाही. भिंतीत कोनाडे छातीच्या उंचीवर, म्हणजे ठेवणाऱ्याला वाकायला नको आणि टाचा उंचवायलाही नकोत. प्रत्येक कोनाड्याखाली नाव कोरलेली दगडी पाटी सरकवायची खाच. समोर दोघांपुरता बाक, आणि बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर येईल अशी खाली घेतलेली खिडकी. खिडकीतून नुसता डोंगर.

"खिडकी एवढी खाली का?" मी विचारलं.

"रडणारा माणूस वर बघत नाही," ते म्हणाले.

मदिनत सुलतान काबूस या बड्यांच्या वस्तीत, मंडळाच्या अध्यक्षांच्या बंगल्यावर समितीची बैठक झाली. अध्यक्षांनी नकाशा बराच वेळ पाहिला. वाईट माणूस नव्हता. म्हणाले, "सुंदर आहे. पण एवढ्या जागेत नुसतं बसायचं? दिवाळी पहाटेला आपल्याला हॉल मिळत नाही. पुढे हॉल काढू, मागे अस्थींची खोली ठेवू. सोय दोन्हीची होईल."

"मागे कुठे?" काकांनी विचारलं.

"जनरेटरच्या बाजूला जागा निघते की."

"आवाज येईल."

कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "आता त्यांना काय आवाजाचं?" दोघे-तिघे हसले. काकांनी नकाशाची गुंडाळी केली आणि मांडीवर ठेवून बसून राहिले.

बदल करायला त्यांनी नकार दिला. मग अध्यक्षांनी मला फोन केला. त्यांच्या कंपनीची कामं आमच्या ऑफिसकडे होती आणि माझा व्हिसा त्या वर्षी नूतनीकरणाला आला होता. अध्यक्षांनी यातलं काहीच बोलून दाखवलं नाही. तेही खरं, आणि मी दोन दिवसांत नकाशा बदलून दिला तेही खरं. खिडकी काढली. कोनाड्यांच्या जागी नंबर घातलेली स्टीलची कपाटं दाखवली. दाराला कुलूप.

प्रिंट निघताना काका मशीनपाशी उभे होते. कागद पूर्ण बाहेर येईपर्यंत त्यांनी वाचला.

"रेषा साफ आहेत तुझ्या," ते म्हणाले. "कोपऱ्यात माझं नाव राहिलंय. तेवढं काढ."

मी काढलं. तिथे माझं घातलं.

उद्‌घाटनाला मला शाल आणि श्रीफळ मिळालं. हॉलमध्ये शिरताच समोर संगमरवरी फलकावर देणगीदारांची नावं होती. कपाटांवर नुसते नंबर.

महिनाभरात आमच्या मेसचा आचारी गेला. अस्थी ठेवायला काका आणि मी गेलो. मागच्या दाराला कुलूप होतं आणि चावी वॉचमनकडे. तो जेवायला गेला होता. मी फोन लावत राहिलो. ऊन भाजत होतं आणि जनरेटर चालू होता. "काका, खाली ठेवा घटकाभर," मी म्हणालो. त्यांनी कलश छातीशी धरला होता. ते हलले नाहीत आणि माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. वॉचमन येईपर्यंत त्यांच्या शर्टाची बाही घामानं खांद्यापर्यंत भिजली होती.

तेलाचे भाव पडले त्या वर्षी आमच्या ऑफिसातून माणसं कमी केली, त्यात काका होते. शेवटच्या दिवशी त्यांनी सगळ्यांचे हात हातात घेतले, माझाही. तक्रारीचा एक शब्द काढला असता तर मला बरं वाटलं असतं.

दोन वर्षांनी ते गेल्याचा मेसेज मोबाइलवर आला. पुढच्या रजेत मी देवरुखला उतरून त्यांच्या घरी गेलो. काकूंनी चहा केला. अस्थी गोळा केल्या त्याच दिवशी नदीत सोडल्या म्हणाल्या, "कुठे ठेवू नका, असं बजावून गेले होते."

मग त्या समोर बसल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोडं हसू आलं.

"तुम्हीच ना ते इंजिनियर? हे सांगायचे तुमच्याबद्दल. तिकडे आम्ही दोघांनी मिळून एक जागा केलीय म्हणायचे. माणसाला शांत बसता येईल अशी, समोर डोंगर दिसतो. आमचं काही तिकडे येणं झालं नाही. फोटो आहे हो तुमच्याकडे?"

मोबाइल माझ्या हातात होता. त्यात एकच फोटो होता, शाल पांघरलेला मी आणि मागे तो फलक.

"नाही काकू," मी म्हणालो. "काढायचा राहिला."